खाल्ल्या मिठाला जागायचं तर

कोलंबियातल्या सिपाकिरा गावात दोन कॅथेड्रल आहेत. एक मुख्य चौकात, दगडी, दोन मनोऱ्यांचं. १९५१ पासून इथे बिशपची गादी आहे, म्हणून चर्चच्या नियमाने कॅथेड्रल म्हणायचं ते यालाच. दुसरं डोंगराच्या पोटात, जमिनीखाली १८० मीटर, मिठाच्या खाणीतल्या खडकात कोरलेलं. त्याला बिशप नाही. कॅथेड्रल हे नुसतं रूढ झालेलं नाव. जगभरातले लोक येतात ते हे दुसरं बघायला. पहिल्याच्या पायऱ्यांवर मी एका शनिवारी दुपारी अर्धा तास बसले होते. आत-बाहेर करणारी माणसं सगळी गावातली वाटत होती: बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका, रुआना नावाची लोकरी घोंगडी पांघरलेले म्हातारे, शाळकरी पोरं. तासाभरापूर्वी डोंगराकडच्या वाहनतळावर मात्र राजधानी बोगोताहून आलेल्या सहलीच्या गाड्या ओळीने उभ्या पाहिल्या होत्या. त्या तिथूनच माघारी वळणार होत्या. चौक त्यांच्या वाटेत येतच नाही.

माझी मुलगी नोकरीनिमित्त बोगोतात असते. तिच्याकडे गेले असताना सिपाकिराबद्दल ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं: सकाळी निघा, खाण बघा, जेवायला परत या. एका सहलवाल्या कंपनीचं पत्रकही तेच म्हणत होतं, अर्ध्या दिवसात ‘सिपाकिरा पूर्ण’. आम्ही त्या गाडीने गेलो नाही. शहराच्या उत्तर टोकाला पोर्ताल देल नोर्ते नावाचं मोठं बसस्थानक आहे, तिथून गावोगावच्या बस सुटतात. बसचा पोऱ्या दारात लोंबकळत ‘सिपा, सिपा’ ओरडतो. सिपा ही इथल्या मुइस्का या मूळ रहिवाशांच्या राजांची पदवी होती. स्पॅनिश लोक आले तेव्हा या पठाराच्या दक्षिण भागावर सिपाची सत्ता होती, आणि गावाच्या नावातही तोच शब्द ऐकू येतो. पाचशे वर्षांनी राजाचं नाव बसच्या आरोळीत उरलं आहे. मला त्या आरोळीचं अप्रूप वाटलं, आणि थोडं वाईटही.

बोगोतापासून उत्तरेला जेमतेम ४५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवरचं, सव्वा लाखाहून अधिक वस्तीचं हे गाव. आता त्याला गाव म्हणावं की बोगोताचं उपनगर, हाच खरा प्रश्न आहे. चिया, काखिका, मग सिपाकिरा, अशी वस्ती रस्त्याच्या कडेने उत्तरेकडे सरकत चालली आहे. महानगर जवळ आलं की जुन्या गावापुढे दोन वाटा उरतात. त्याची झोपायची जागा व्हायची, नाहीतर सुट्टीच्या दिवशी बघायची वस्तू. सिपाकिरावर दोन्ही एकदम येऊन पडल्या आहेत. माझं म्हणणं असं आहे की या गावाकडे बघण्याची, तिथे जाण्याची आणि त्याच्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करण्याची आजची रीत उलटी आहे. आधी गाव, मग खाण, असा क्रम हवा. आणि हे मी दयेपोटी म्हणत नाही. बोगोता या शहराने सिपाकिराचं मीठ खाल्लं आहे, अगदी शब्दशः. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, तो हिशेब इथे बाकी आहे.

हा हिशेब शहराच्या जन्माआधीच सुरू होतो. १५३६ मध्ये स्पॅनिश मोहिमेचा म्होरक्या गोन्सालो हिमेनेस दे केसादा कॅरिबियन किनाऱ्यावरच्या सांता मार्ताहून निघाला. माग्दालेना नदीच्या काठाने, दलदलीतून, तापाने आणि उपासमारीने माणसं गमावत तो वर सरकत होता. तोवर वाटेत जे मीठ मिळे ते समुद्राचं, सुटं, दाणेदार. आजच्या बार्रांकाबेर्मेखाच्या परिसरात मात्र त्याच्या लोकांना मिठाच्या घट्ट, पांढऱ्या ढेपा दिसू लागल्या. समुद्रापासून इतक्या आत, इतकं चांगलं मीठ येतं कुठून? ज्यांच्याकडे मीठ आहे त्यांच्याकडे वस्ती असणार, शेती असणार, व्यापार असणार. केसादाने नदी सोडली आणि मिठाच्या वाटेने डोंगर चढायला सुरुवात केली. १५३७ मध्ये तो मुइस्कांच्या पठारावर पोहोचला, आणि ६ ऑगस्ट १५३८ हा आज बोगोताच्या स्थापनेचा दिवस मानतात. सोन्यासाठी निघालेल्या माणसांना या पठाराची वाट मिठाने दाखवली. शहर वसलं ते त्या वाटेच्या टोकाला.

त्या ढेपा कशा होत, तेही सांगायला हवं, कारण त्यात या गावाचे हात आहेत. सिपाकिरा, नेमोकोन आणि ताउसा इथे जमिनीतून खारं पाणी झिरपतं. मुइस्का लोक ते मोठाल्या मातीच्या मडक्यांत भरून चुलाणावर आटवत. पाणी आटलं, मीठ घट्ट झालं की मडकं फोडायचं. आत मडक्याच्याच आकाराची ढेप. म्हणजे प्रत्येक ढेपेमागे एक मडकं गेलं. कुंभारकाम, सरपण आणि आच यांचा हा उद्योग शतकानुशतकं चालला, आणि या परिसरात खोदणाऱ्या पुरातत्त्वज्ञांना त्याच फुटक्या खापरांचे थर लागले. गुळाची ढेप पाहिलेल्या मराठी माणसाला हे चटकन समजेल. काहिलीऐवजी मडकं, रसाऐवजी खारं पाणी.

बोगोतातल्या सुवर्णसंग्रहालयात हजारो वस्तू आहेत. तिथल्या एका काळोख्या दालनात मुइस्का सोन्याचा प्रसिद्ध तराफा ठेवला आहे: बोटभर उंचीची माणसं, मधोमध राजा. लोक त्याच्यासमोर श्वास रोखून उभे राहतात, मीही राहिले. पण मुइस्कांच्या स्वतःच्या मुलखात सोन्याच्या खाणी अशा नव्हत्याच. सोनं त्यांच्याकडे देवघेवीतून येई, आणि देण्यासाठी त्यांच्याकडे होतं मीठ, सुती कापड, पाचू. त्या तराफ्याच्या तळाशी कुठेतरी सिपाकिराच्या चुली आहेत. संग्रहालय बांका दे ला रेपुब्लिका या देशाच्या मध्यवर्ती बँकेचं आहे. विसाव्या शतकात कित्येक दशकं सिपाकिराच्या मिठाच्या खाणीचा कारभारही याच बँकेकडे होता. एकाच बँकेच्या हाती सोनं आणि मीठ दोन्ही होतं. सोन्याला राजधानीत काचेची पेटी मिळाली.

मीठ ज्यांच्या जमिनीतून येतं त्यांच्या हातात ते फार काळ राहिलं नाही. अठराव्या शतकाच्या सत्तरीत स्पॅनिश राजवटीने मिठाचा मक्ता थेट आपल्याकडे घेतला आणि सिपाकिराच्या मूळ रहिवाशांना उठवून नेमोकोनला हलवलं. पाठोपाठ तंबाखू आणि दारूचे मक्ते, विक्रीकरातली वाढ, आरमारासाठी वेगळा कर. १६ मार्च १७८१ रोजी सोकोरो गावच्या बाजारात मान्वेला बेल्त्रान नावाच्या बाईने भिंतीवरचा कराचा जाहीरनामा सगळ्यांदेखत फाडला. ते बंड पसरत गेलं. शेतकरी, विणकर, छोटे व्यापारी, मुइस्का गावांचे लोक, सगळे राजधानीकडे निघाले. मे महिना संपता संपता ते सिपाकिराजवळ एल मोर्तिन्योच्या मैदानात तळ देऊन बसले होते. त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास सांगतात. सिपांच्या वंशातला म्हणून ओळखला जाणारा आम्ब्रोसियो पिस्को त्यांच्यात होता.

सांताफे, म्हणजे आजचं बोगोता, तेव्हा जवळजवळ उघडं पडलं होतं. आर्चबिशप अन्तोनियो काबायेरो इ गोंगोरा वाटाघाटींना सिपाकिराला आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात पस्तीस कलमांचा करार ठरला. कर कमी व्हावेत, मक्ते उठावेत, इथे जन्मलेल्यांना पदं मिळावीत, आणि मूळ रहिवाशांच्या जमिनी आणि मिठाची कुंडं त्यांना परत मिळावीत. मिठाचं कलम त्या करारात आहे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आर्चबिशपच्या उपस्थितीत, धर्मविधीत, करार पाळण्याच्या शपथा झाल्या. बंडखोर घरोघर पांगले. सांताफेतल्या अधिकाऱ्यांनी मात्र गुपचूप नोंद करून ठेवली होती की ही संमती दडपणाखाली दिलेली आहे, तेव्हा ती आम्हाला बांधील नाही. कार्ताखेनातल्या व्हाइसरॉयनेही करार झिडकारला. त्याच वर्षी नेमोकोनच्या मूळ रहिवाशांनी मिठासाठी पुन्हा डोकं वर काढलं, तेव्हा त्यांच्यावर बंदुका चालल्या.

होसे अन्तोनियो गालान हा मागे न हटलेला पुढारी. १ फेब्रुवारी १७८२ रोजी त्याला मारण्यात आलं आणि देहाचे तुकडे वेगवेगळ्या गावांत टांगायला पाठवले. शिक्षेत आणखी एक कलम होतं: त्याचं घर पाडायचं आणि त्या जागेवर मीठ पेरायचं, म्हणजे त्याचं नाव विसरलं जाईल.

माझं माहेर उरणचं. मिठागरांच्या कडेने मी वाढले. सांडलेल्या मिठावर पाय पडला तर आजी रागवायची. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, असं ती सांगे. मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरावर लोकांनी लाठ्या खाल्ल्या त्या मूठभर मिठासाठी, हे शाळेत शिकले आणि पुढे तीस वर्षं स्वतः शिकवलं. त्यामुळे गालानच्या घरावर मीठ पेरलं हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. ज्या मिठावरचा हक्क मागायला लोक उठले, तेच मीठ त्यांच्या माणसाची आठवण जाळायला वापरलं. असल्या शिक्षेची जागा इतिहासाच्या पुस्तकातच राहिली तर त्या शिक्षेचा हेतू अर्धा तरी साधलाच.

करार जिथे झाला ते गाव आज दुसऱ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. म्हणून खाणीबद्दलही मन मोकळं करून बोलते.

खाण बघून मी भारावून गेले. कोलंबियन लोक तिला देशाचं पहिलं आश्चर्य मानतात, त्यात अतिशयोक्ती नाही. पहिलं भुयारी चर्च १९५४ मध्ये उघडलं. खाणकामगार पाळीवर जाण्यापूर्वी प्रार्थना करत, भुयारांत ग्वासाच्या रोझरी मातेच्या प्रतिमा ठेवत. त्या श्रद्धेवरून कल्पना सुचली आणि बँकेने ती तडीस नेली. पण ते चर्च चालू खाणीत होतं, छत धोक्याचं झालं, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद करावं लागलं. मग त्याच्याही खाली नवीन कोरायला घेतलं. रोस्वेल गाराविटो पर्ल हे वास्तुरचनाकार. सुमारे अडीच लाख टन मीठ-खडक बाहेर काढून १६ डिसेंबर १९९५ रोजी आजचं चर्च उघडलं. उतरताना वाटेत येशूच्या क्रूसयात्रेचे चौदा टप्पे लागतात, प्रत्येक एका छोट्या गुहेत. मूर्ती जवळजवळ नाहीतच. फक्त क्रूस, गुडघे टेकायचे ओटे, निळा प्रकाश आणि काळपट राखाडी खडकातल्या पांढऱ्या शिरा. भिंतीला बोट लावून जिभेवर ठेवलं की खारट. शेवटी मोठं सभागृह आणि समोर १६ मीटर उंच क्रूस. लांबून तो हवेत तरंगतो आहे असं वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की क्रूस उभा केलेलाच नाही. तो खडकात कोरलेला खड्डा आहे. मीठ काढून घेतल्यावर उरलेली पोकळी, आणि तिच्यात सोडलेला उजेड.

त्या पोकळीसमोर उभी असताना मला जे वाटलं तेच या लेखाचं कारण आहे. या खडकातून काय काय गेलं त्याची एवढी खरी खूण दुसरी सापडणार नाही. तिथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडणी आहे ती धर्माची: जन्म, जीवन, मृत्यू अशी तीन दालनं. ती असावी, खाणकामगारांच्याच श्रद्धेतून ती आली आहे. मिठाचं काम समजावणारा खारपाण्याचा विभाग आणि खाणकामगारांची वाट हेही जोडीला आहेत. पण फुटलेल्या मडक्यांपासून पस्तीस कलमांपर्यंतची गोष्ट डोंगराखाली गावात राहते, आणि अर्ध्या दिवसाच्या सहलीला गावात उतरायला वेळ नसतो. ज्या दोन गोष्टी एकमेकींशिवाय समजतच नाहीत त्यांच्यामध्ये आपण दहा-पंधरा मिनिटांची चाल घातली आहे आणि ती चालायची सोय ठेवलेली नाही. चूक एका मार्गदर्शकाची नाही, एका कंपनीची नाही. ‘बघण्यासारखं’ म्हणजे काय हे ठरवण्याची आपली सगळ्यांचीच सवय तशी झाली आहे.

याला विरोध होईल, आणि तो फालतू नाही. लोक म्हणतील, खाणीतलं मिठाचं काम पूर्वीइतकी माणसं पोसत नाही. पर्यटन नसतं तर हे गाव कुठे असतं? कॅथेड्रल चालवणाऱ्या कंपनीत नगरपालिकेचा वाटा आहे, शेकडो घरं त्यावर चालतात. हे खरं आहे, आणि त्याचा सगळ्यात ठळक पुरावा एक सायकलपटू आहे. एगान बेर्नाल २०१९ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, तूर द फ्रान्स जिंकला. लॅटिन अमेरिकेतून ती शर्यत जिंकणारा तो पहिलाच. तो सिपाकिरात वाढला. त्याचे वडील याच मिठाच्या कॅथेड्रलमध्ये पहारेकरी होते, आई फुलांच्या मळ्यात काम करायची. त्या ऑगस्टमध्ये तो घरी आला तेव्हा मुख्य चौक पिवळ्या टी-शर्टांनी भरून गेला होता.

हे उदाहरण पर्यटनाच्या बाजूचं आहे खरं. पण नीट पाहिलं तर माझ्याही बाजूचं आहे. स्वागत खाणीत झालं नाही, चौकात झालं. ज्या चौकाकडे सहलीच्या गाड्या फिरकतच नाहीत त्याच चौकात गावाला आपला माणूस आणावासा वाटला. आणि पहारेकरी आणि फुलं खुडणारी या दोन नोकऱ्या या पठाराचा आजचा अर्थव्यवहार उघडा करून दाखवतात. बसच्या खिडकीतून मैलोगणती पांढरं प्लास्टिक दिसतं, ते हरितगृहांचं. कापलेल्या फुलांच्या निर्यातीत कोलंबियाचा जगात नेदरलँड्सच्या खालोखाल क्रमांक लागतो. गुलाब बोगोताच्या विमानतळावरून मुख्यतः अमेरिकेला जातात, व्हॅलेन्टाइन दिवसाच्या आधी तर रात्रंदिवस. खुडणाऱ्या बहुतांशी बायका. मीठ गेलं, सोनं गेलं, आता फुलं जातात. पर्यटन नको असं मी म्हणत नाही. आलेला माणूस गावातून चालला, गावात जेवला, गावात थांबला, तर पहारेकऱ्याच्या पगारापेक्षा जास्त काही गावात उरेल, एवढंच म्हणते.

चौकातल्या खानावळीत आम्ही आहियाको जेवलो: तीन जातींचे बटाटे, कोंबडी, मक्याचं कणीस आणि ग्वास्कास नावाचा पाला. तो पाला नसेल तर ते आहियाको नव्हेच, असं मालकीणबाईंनी बजावलं. बाहेर थंडी होती. या थंडीला घाबरलेला एक सोळा वर्षांचा मुलगा १९४३ मध्ये कॅरिबियन किनाऱ्यावरून शिष्यवृत्ती घेऊन इथल्या सरकारी शाळेत वसतिगृहात राहायला आला होता. १९४६ मध्ये तो इथूनच शालान्त झाला. तो गाब्रिएल गार्सिया मार्केस. पुढे १९८२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. शाळेची ती जुनी वास्तू चौकापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. आत अंगण, भोवती लाकडी कठड्याचे सज्जे. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कोणी पाहुणं नव्हतं. मुलीने एक फोटो काढला आणि आम्ही दोघीच बराच वेळ उभ्या राहिलो.

आता रेल्वेचं. मला वाटतं, सगळा वाद शेवटी तिथे येऊन ठरतो.

बोगोताहून निघालेली उत्तर रेल्वे १८९८ मध्ये सिपाकिराला पोहोचली. मिठाच्या गावाला राजधानीशी जोडणारी ती रेल्वे होती. विसाव्या शतकाच्या शेवटी देशाची सरकारी रेल्वे मोडीत निघाली आणि रोजची प्रवासी गाडी गेली. आज त्या रुळांवरून शनिवार-रविवारी आणि सुट्टीला पर्यटकांची गाडी धावते. डब्यात बँड वाजतो, लोक नाचतात, लहान मुलांना फार आवडते. मला तिचा राग नाही. पण त्याच मार्गाने गावातून रोज शहरात कामाला जाणारे हजारो लोक सोमवार ते शुक्रवार रस्त्यावरच्या कोंडीत असतात. रूळ आहेत, गाव आहे, माणसं आहेत. रोजची गाडी नाही. विजेवर चालणारी उपनगरी रेल्वे बोगोताहून सिपाकिरापर्यंत नेण्याची योजना आहे, तिचं नाव रेखिओत्राम देल नोर्ते. तिच्याबद्दल बोलताना पर्यटनाचा फायदा पुढे केला जातो, आणि तो होईलही. माझा आग्रह असा की तिचं वेळापत्रक, भाडं आणि थांबे पहाटे कामाला निघणाऱ्या बाईला समोर ठेवून ठरावेत. त्या गाडीने पर्यटक आले तर ते गावातल्या स्टेशनावर उतरतील, चौकातून चालत खाणीकडे जातील. आजच्या सहलीच्या गाडीला जे जमत नाही ते आपोआप होईल. रोजच्या प्रवाशाची सोय आणि गावाचा मान, दोन्ही एकाच रुळावर आहेत. पर्यटकांची गाडी मात्र पहाटे कामावर जाणाऱ्याला कधीच उपयोगी पडणार नाही.

रेल्वे आली की जमिनींचे भाव वाढतील, बोगोतात परवडत नाही म्हणून इथे सदनिका घेणारे वाढतील, ही भीतीही खरी आहे, आणि काही प्रमाणात ते घडतंच आहे. त्यावर उपाय रेल्वे थांबवणं हा नव्हे. कुठे बांधायचं, किती उंच बांधायचं, पाणी कुठून आणायचं, हे बोगोतातल्या बांधकामदारांऐवजी गावाने ठरवलं पाहिजे. उरणच्या आसपासची मिठागरं बंदरात आणि रस्त्यांत जाताना आम्ही पाहिली आहेत. काही गेलं ते गरजेने, काही नुसत्या घाईने. जाताना कुणी विचारलं नाही, याचं दुःख मिठागर गेल्याच्या दुःखापेक्षा मोठं असतं. सिपाकिराने एकदा पस्तीस कलमं लिहून मागितली होती. तिथल्या माणसांना काय हवं ते लिहिता येतं.

आणि खाणीच्या तिकिटाबद्दल. परदेशी पाहुण्यांना देशातल्या लोकांपेक्षा जास्त पैसे पडतात, ते योग्यच आहे. त्यात आणखी थोडी भर घालून त्याच तिकिटात गावातली एक फेरी जोडावी, स्थानिक माणसाबरोबर, पायी: कराराची गोष्ट, चौक, शाळा, मडकी. ज्याला नको त्याने सोडून द्यावी. पण तिकिटावर छापलेली असावी. शाळेत जायच्या वयाच्या प्रत्येक पाहुण्याला खाणीत शिरण्याआधी मिठाच्या कलमाबद्दल कुणीतरी दोन वाक्यं सांगावीत, एवढी माझी मागणी आहे. तीस वर्षं मुलांना शिकवल्यावर मला खात्री आहे की निळा प्रकाश मुलं विसरतील, पण घरावर मीठ पेरल्याची गोष्ट विसरणार नाहीत.

संध्याकाळी साडेसहाला अंधार पडला. आम्ही परतीच्या बससाठी उभ्या होतो. सहलीच्या गाड्या केव्हाच गेल्या होत्या. बोगोताहून आलेली एक बस आमच्यासमोर थांबली आणि रिकामी होऊ लागली: गणवेशातला सुरक्षारक्षक, डबा हातात घेतलेल्या दोन बायका, पेंगुळलेलं मूल खांद्यावर टाकलेला बाप. शनिवारसुद्धा कामाचाच होता त्यांचा. मुलीने त्यांतल्या एकीला विचारलं, किती वेळ लागला आज? तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ‘दोन तास चाळीस मिनिटं,’ ती म्हणाली, ‘आणि परवा पहाटे चारला पुन्हा.’